सहलीत कोठे जेवाल?

तुमच्या वर्गाची सहल ठरली आहे. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान पाहायचे, कान्हेरीची लेणी चढायची आणि तेथून खाडी ओलांडून गोराईच्या किनाऱ्यावर जायचे. एकाच दिवसात रान आणि दर्या! असा बेत जमावा अशी मोठी शहरे जगात फार थोडी आहेत. पण बेत ठरताच वर्गात एक प्रश्न हमखास निघतो : जेवायचे कोठे?

साकीनाक्याला असताना हा प्रश्न आपल्याला पडत नाही. आपल्या गल्लीत कोणते दुकान कोणाचे, कढईत काय तळतात, मांस कोठून येते, हे सगळे आपल्याला ठाऊक असते. परक्या ठिकाणी यातले काहीच ठाऊक नसते. तेथे विचारावे लागते आणि बहुतेक वेळा मराठीत विचारावे लागते. न विचारता काही खाल्ले तर मनाला रुखरुख लागते. लाजून उपाशी राहिले तर सहलीची मजा जाते. म्हणून निघण्यापूर्वी या वाटेवरच्या खाण्यापिण्याची थोडी माहिती करून घेऊ.

पहिले खाणे साकीनाक्यालाच उरकून घ्या. सकाळच्या खाण्याला मराठीत ‘न्याहारी’ म्हणतात. हा शब्द ऐकताच तुम्हांला निहारी आठवेल आणि ते बरोबरच आहे. दोन्ही शब्द एकाच घरचे आहेत. फारसीतून आलेल्या या शब्दाचा एक अर्थ उर्दूने जपला, दुसरा मराठीने. उर्दूत तो रात्रभर मंद आचेवर शिजणाऱ्या एका पदार्थाचे नाव झाला; मराठीत सकाळी जे काही खाल ती न्याहारी. पोहे खा, पाव-अंडे खा किंवा खरोखरची निहारी खा, न्याहारी झालीच!

आता वाट पाहू. साकीनाका स्थानकावरून वर्सोव्याकडे जाणारी मेट्रो २०१४ सालापासून धावते आहे. तिने पश्चिम द्रुतगती महामार्ग या स्थानकावर उतरा. तेथून पुलाने चालत गुंदवली स्थानकावर जाता येते. गुंदवलीहून सुटणारी गाडी तुम्हांला थेट ‘राष्ट्रीय उद्यान’ नावाच्या स्थानकावर नेते. एक गोष्ट मात्र विसरू नका. उद्यान आणि कान्हेरीची लेणी सोमवारी बंद असतात.

उद्यानाचे क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे. एवढ्या मोठ्या जंगलात खाण्याची सोय मात्र थोडी आणि ती बहुतेक प्रवेशद्वाराच्या बाजूला. जसजसे आत जाल तसतशी दुकाने संपतात. हे गैरसोयीचे वाटेल, पण ते तसेच असायला हवे. शहराच्या आत जंगल टिकवायचे असेल तर जंगलाच्या आत बाजार भरवता येत नाही. म्हणून येथे घरचा डबा सर्वांत चांगला. रोटी आणि सुकी भाजी, किंवा रोटी आणि कबाब, असे सांडणार नाही ते न्यावे. रस्सा नेऊ नये. डबा स्टीलचा असावा आणि पाण्याची बाटलीही शक्यतो तशीच असावी, कारण येथे प्लास्टिकच्या पिशव्या नेण्यास मनाई आहे.

वाटेवर कोठे कोठे आदिवासी बाया टोपली घेऊन बसलेल्या दिसतील. या जंगलात वारली आणि इतर आदिवासींचे पाडे फार पूर्वीपासून आहेत. त्यांच्या टोपलीत ऋतूप्रमाणे काकडी, कैरी, चिंचा, आवळे, बोरे असा रानमेवा असतो. वर तिखटमीठ लावून देतात. ही काकडी कोणत्याही हॉटेलातील थंड पेयाहून सरस असते, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ती तुमच्यासमोर चिरून घ्या आणि सावलीत बसून लगेच खा. हातात खाऊ घेऊन रस्त्याने चालू नका. कारण झाडावरून माकडे पाहत असतात.

माकडाला एक शेंगदाणा द्यावा असे कोणालाही वाटते. पण येथे प्राण्यांना खायला घालण्यास बंदी आहे आणि त्यामागे पक्की कारणे आहेत. माणसाच्या हातून खायची सवय लागली की माकड रानातली फळे आणि पाने शोधायचे सोडते. मग कोणी दिले नाही तर ते हिसकावते. हिसकावताना ओरबाडते, चावते. यात दोष सवय लावणाऱ्याचा असतो.

उरलेल्या अन्नाची गोष्ट याहून गंभीर आहे. समजा, तुम्ही उद्यानाच्या कडेला बसून बिर्याणी खाल्ली आणि उरलेली हाडे व भात झुडपात टाकून दिला. ‘कोणी जनावर खाईल, पुण्य लागेल,’ असे तुम्हांला वाटले. रात्री त्या वासाने भटकी कुत्री येतात. रोज अन्न मिळू लागले की ती तेथेच राहतात. आणि या जंगलात बिबटे आहेत. हरीण आणि रानडुक्कर हे बिबट्याचे रानातले भक्ष्य. पण जंगलाच्या कडेला राहणाऱ्या बिबट्यांच्या आहारात भटक्या कुत्र्यांचा वाटा मोठा असतो, असे अभ्यासकांना आढळले आहे. कुत्रे पकडणे बिबट्याला सोपे जाते. म्हणजे आपण टाकलेल्या अन्नामागे कुत्रा येतो, कुत्र्यामागे बिबट्या येतो आणि तो जेथे येतो तेथे लगतच माणसांची वस्ती असते. रात्री तेथे मुले खेळत असतात, बायका शौचाला किंवा पाण्याला जात असतात. २००४ साली या उद्यानाच्या भोवती बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसे दगावली. त्याची कारणे एकाहून अधिक होती. पण वस्तीजवळ साचलेला कचरा आणि त्यावर वाढलेली कुत्री यांकडे वनाधिकारी आणि अभ्यासक आजही बोट दाखवतात. म्हणून उरलेले अन्न डब्यात परत न्या. हाडेसुद्धा!

ओढ्यात ताटल्याही धुऊ नका. या उद्यानात विहार आणि तुळशी हे दोन तलाव आहेत. विहार १८६० साली आणि तुळशी १८७९ साली बांधून झाला. दोन्हींचे पाणी मुंबईला पिण्यासाठी मिळते. विहार आणि पवई तलाव भरले की त्यांचे जादा पाणी मिठी नदीतून वाहते. ती मिठी आपल्या साकीनाक्याच्या बाजूनेच कुर्ल्याकडे आणि पुढे माहीमच्या खाडीत जाते. या रानाशी आपले नाते इतके जवळचे आहे.

प्रवेशद्वारापासून कान्हेरी काही किलोमीटर आत आहे. तेथे एकाच डोंगरात शंभराहून अधिक बौद्ध लेणी कोरलेली आहेत. हे काम इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास सुरू झाले आणि पुढे जवळजवळ हजार वर्षे चालू राहिले. अकराव्या क्रमांकाच्या लेण्याला ‘दरबार’ म्हणतात. त्याच्या आत दगडातच कोरलेले दोन लांब, बुटके ओटे आहेत. भिक्षू तेथे सभेसाठी जमत. काहींच्या मते याच ओट्यांशी बसून ते जेवतही असत. लेण्यांच्या जवळ पाण्याची टाकी कोरलेली दिसतील. त्यांना जुन्या लेखांत ‘पोढी’ म्हटले आहे. पावसाचे पाणी या पोढ्यांत साठवून इतकी माणसे वर्षभर डोंगरावर राहत होती. ते पाहिल्यावर आपल्या बाटलीतले पाणी जपून वापरावेसे वाटते. डब्यातले जेवण मात्र लेण्यांत उघडू नका. खाली येऊन जेथे बसण्याची सोय आहे तेथे बसा.

आता किनाऱ्याकडे. उद्यानातून बोरिवली स्थानकाच्या पश्चिमेला या. तेथून बसने किंवा रिक्षाने गोराईच्या धक्क्यावर जाता येते. धक्क्यावरून होडी खाडीपार नेते. दोन्ही बाजूंना खारफुटीची झाडे दिसतात. पलीकडे गोराई आणि तिच्या दक्षिणेला मनोरी ही गावे आहेत. होडीतून उतरताच हवेला सुक्या मासळीचा वास येतो. काहींना तो आवडत नाही. पण गावातल्या अनेकांचे पोट त्या वासावरच चालते, म्हणून नाकाला रुमाल लावू नका. ते बरे दिसत नाही.

या गावांत कोळी राहतात आणि ईस्ट इंडियन म्हणून ओळखला जाणारा ख्रिस्ती समाजही राहतो. हे लोक नावाने ‘ईस्ट इंडियन’ असले तरी येथलेच मूळचे रहिवासी आहेत. त्यांची भाषाही मराठीचीच एक बोली आहे. पोर्तुगीजांनी १५३४ साली वसई आणि हा परिसर घेतला. वसईत त्यांची सत्ता १७३९ पर्यंत होती. त्या काळातल्या खुणा येथल्या स्वयंपाकात उरल्या आहेत. त्यांचा ‘बॉटल मसाला’ प्रसिद्ध आहे. उन्हाळ्यात मिरच्या आणि इतर अनेक जिन्नस वाळवून, भाजून, कुटून तो वर्षाचा एकदम करतात आणि बाटल्यांत दाबून भरतात. आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोल ‘फुगे’ही येथलेच.

किनाऱ्यावर हॉटेले आहेत आणि काही घरांतही जेवण मिळते. हॉटेलात टेबल-खुर्ची मिळते, पण मला विचाराल तर घरगुती जेवण अधिक चांगले. तेथे स्वयंपाक करणारी व्यक्ती समोर असते आणि तिला विचारता येते. विचारण्याची गरज आहेच, कारण येथील काही घरांत आणि हॉटेलांत डुकराचे मांसही शिजते. ती त्यांची रीत आहे. आपण नाक मुरडायचे नाही आणि गप्पही बसायचे नाही. मासळीला जबहची अट नाही, हे तुम्हांला ठाऊक आहे. म्हणून येथे मासळी मागवणे सोयीचे. प्रश्न उरतो कढईचा आणि तेलाचा. तो असा विचारावा :

“मावशी, आज ताजी मासळी कोणती आहे?”
“बोंबील हाय, मांदेली हाय. कोलबी पण आलीय.”
“आम्ही मुसलमान आहोत. मासळी तळायची कढई आणि तेल वेगळे असते का?”
“मासळीची कढई वेगळी हाय, बाळा. बघून घे.”
“बरे झाले. एका ताटाचे किती होतील?”

असे सरळ विचारले की कोणी रागावत नाही. उलट मावशी वेगळे तेल नसेल तर तसे सांगते. किंमत आधी विचारावी, कारण पापलेट आणि सुरमई यांचा भाव आकाराप्रमाणे आणि दिवसाप्रमाणे बदलतो. कोळंबी आणि शिंपल्यांतले जीव खावे की नाही, याविषयी तुमच्या घरची रीत काय आहे ते घरीच विचारून या.

फलकावरचे शब्द नीट समजून घ्या, नाहीतर फजिती होईल. ‘हलवा’ असे लिहिलेले पाहून गोड खायला मिळणार म्हणून खूश होऊ नका. हलवा हा मासा आहे! पापलेटसारखाच, पण काळसर. ‘बांगडा’ हा हातात घालायचा दागिना नव्हे, तोही मासाच. ‘तिसऱ्या’ म्हणजे शिंपले. ‘सुकट’ म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी. ‘सोलकढी’ ही कोकम आणि नारळाच्या दुधाची गुलाबी कढी. ती जेवणानंतर प्यावी किंवा भातावर घ्यावी.

या किनाऱ्याचा खरा मासा मात्र बोंबील. समुद्रात खांब रोवून त्यांना पिशवीसारखे डोल जाळे बांधतात आणि भरती-ओहोटीच्या प्रवाहाबरोबर बोंबील त्यात शिरतात. या माशाच्या अंगात पाणी फार. म्हणून तो चिरून, वजनाखाली दाबून, पाणी काढून तळतात. तसे केले नाही तर तव्यावर त्याचा लगदा होतो. जे बोंबील ताजे विकले जात नाहीत ते बांबूंच्या चौकटींवर उन्हात टांगतात. तांदळाची भाकरी आणि तळलेला बोंबील एवढे ताट मिळाले तर दुसरे काही मागवू नये.

जून आणि जुलै या दोन महिन्यांत यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारीची बंदी असते. तेव्हा समुद्र खवळलेला असतो आणि मासळीच्या वाढीलाही वेळ मिळतो. त्या दिवसांत कोणी ‘आत्ताच आलेली ताजी मासळी’ म्हणू लागला तर त्याला हसून विचारावे, “कोठून आली?” बहुधा ती बर्फातली असते. पावसाळ्यात येथील घरांतही सुकी मासळीच खातात.

उन्हाळ्यात ताडगोळे मिळतात. ते जरूर खा. ताडाच्या झाडापासून नीराही मिळते, पण तिच्याबाबत सावध राहा. पहाटे उतरवलेली ताजी नीरा गोड असते आणि तिने नशा होत नाही. ऊन चढले की ती आंबू लागते आणि तिची ताडी होते. तुम्ही किनाऱ्यावर दुपारी पोहोचणार. त्या वेळी कोणी नीरा म्हणून पुढे केली तरी शहाळेच मागा.

परतताना पुष्कळ जण घरी सुके बोंबील नेतात. चांगले बोंबील खडखडीत वाळलेले असतात. हाताला ओलसर लागले तर घेऊ नका. कागदाच्या दोन-तीन घड्यांत बांधा आणि वर कापडी पिशवीत ठेवा. बोरिवलीहून लोकलने येणार असाल तर ती पिशवी दाराजवळ धरून उभे राहा. शेजारचा प्रवासी वासाने तुमच्याकडे पाहील. तो कोळी असेल तर भाव विचारील.