प्रोफेसर फिशर आणि एक जुना मसुदा

पहिलें महायुद्ध कोणामुळें झालें, हा प्रश्न विद्यार्थ्यांस बहुधा परीक्षेपुरता वाटतो. साराजेव्होचा खून, राष्ट्राराष्ट्रांतील तह, आरमाराची चढाओढ, अशीं चारपांच कारणें पाठ केलीं कीं काम भागतें. परंतु जर्मनींत याच प्रश्नावरून मोठमोठे विद्वान् एकमेकांवर उलटले. ज्या युद्धांत आपल्या मराठा पलटणींनीं कुत-अल-अमाराच्या वेढ्यांत उपासमार सोसली, त्याचें मूळ शोधणें आपल्यासहि अगदींच परकें नाहीं.

१९१९ च्या व्हर्सायच्या तहांतील २३१ व्या कलमानें युद्धांतील हानीची जबाबदारी जर्मनी व तिचे साथीदार यांच्यावर टाकली. हें कलम जर्मन लोकांस फार झोंबलें. त्यांच्या परराष्ट्रखात्यानें आरोपाच्या खंडनासाठीं एक निराळी शाखाच उघडली, आणि १९२२ ते १९२७ या काळांत राजकीय कागदपत्रांचे ४० खंड छापून निघाले. सर्वच राष्ट्रें युद्धांत घसरत गेलीं, दोष कोणा एकाचा नव्हे, असें मत हळूहळू रूढ झालें. हिटलरच्या पतनानंतरहि तें टिकून राहिलें. कारण हिटलर हा केवळ एक अपघात होता, असें म्हणण्यास तें सोईचें होतें.

१९६१ सालीं हँबुर्ग विद्यापीठांतील प्रोफेसर फ्रिट्झ फिशर (१९०८-१९९९) यांनीं एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. ‘जागतिक सत्तेकडे झेप’ असा त्याच्या नांवाचा अर्थ होतो. सरकारी दप्तरें चाळतांना पॉट्सडॅम येथें त्यांस ९ सप्टेंबर १९१४ चा एक मसुदा मिळाला होता. जर्मनी युद्धांत उतरून तेव्हां सहा आठवडेहि झाले नव्हते. मार्नची लढाई अजून चालू होती, आणि चॅन्सेलर बेटमान-होलवेग यांच्या वतीनें विजयानंतर काय काय घ्यावयाचें याची यादी तयार झाली होती! बेल्जमनें मांडलिक होऊन राहावें. फ्रान्सनें ब्रिए येथील लोखंडाच्या खाणी द्याव्या. लक्झेंबर्ग जर्मनींत सामील व्हावें. रशियास सरहद्दीपासून दूर रेटावें. मध्य आफ्रिकेंत सलग वसाहत असावी. आणि मध्य यूरोपांत एक जकातसंघ असावा, ज्यांत नांवाला सर्व समान, परंतु वर्चस्व जर्मनीचें. यावरून, आणि जुलै १९१४ मध्यें ऑस्ट्रियास दिलेल्या बिनशर्त पाठिंब्यावरून, फिशर यांनीं असा निष्कर्ष काढला कीं जर्मन राज्यकर्त्यांनीं महायुद्धाचा धोका जाणूनबुजून पत्करला, व म्हणून जबाबदारीचा मोठा वाटा त्यांचाच.

ग्रंथावर एकच काहूर उठलें. प्रोफेसर गेरहार्ड रिटर हे फिशर यांचे मुख्य प्रतिपक्षी. येथें एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. रिटर यांस १९४४ मध्यें नाझी सरकारनें तुरुंगांत टाकलें होतें. उलट फिशर हे एके काळीं नाझी पक्षाचे सभासद होते. म्हणजे हा वाद साधु आणि दुर्जन यांचा नव्हता. १९६४ सालीं फिशर अमेरिकेंत व्याख्यानें देण्यास निघाले, तेव्हां पश्चिम जर्मनीच्या परराष्ट्रखात्यानें प्रवासखर्चाची मंजुरी काढून घेतली. अमेरिकन विद्वानांनीं निषेध केला, पैशांची तजवीज केली, आणि व्याख्यानें झालींच.

विरोधकांच्या सर्वच हरकती पोकळ नव्हत्या. मसुदा युद्ध सुरू झाल्यानंतरचा आहे; त्यावरून आधींचा हेतु कसा सिद्ध होणार? या हरकतीस उत्तर म्हणून फिशर यांनीं १९६९ मध्यें दुसरा ग्रंथ लिहिला. त्यांत कैसरनें ८ डिसेंबर १९१२ रोजीं भरविलेल्या सेनानींच्या बैठकीवर त्यांनीं फार भर दिला. आमच्या मतें हा भाग पहिल्या ग्रंथाइतका भक्कम नाहीं. कारण त्या बैठकीस खुद्द चॅन्सेलरच हजर नव्हते. शिवाय रशिया, फ्रान्स यांचीं दप्तरें त्याच कसोटीस लावावयास हवीं होतीं, हा आक्षेपहि खरा आहे. २०१२ मध्यें क्रिस्टोफर क्लार्क यांनीं आपल्या ग्रंथांत दोष पुन्हां सर्व राजधान्यांत वांटून दिला. जर्मनींत तो ग्रंथ फार खपला, आणि फिशर यांच्या पक्षाचे इतिहासकार त्याच्या खंडनासाठीं पुन्हां दप्तरांकडे वळले.