ऑनलाइन वर्गाला वर्गपण कशाने येतं?

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. पुढे कॉलेज मोबाइलवर आलं. सर हजेरी घ्यायचे, आम्ही ‘प्रेझेंट सर’ टाइप करायचो आणि माइक, कॅमेरा बंद करून बसायचो. पडद्यावर काळे चौकोन आणि त्यांत आमची नावं. वर्गातली एक मुलगी महिनाभर नियमित आली आणि मग दिसेनाशी झाली. आमच्या ते लक्षात आलं थेट परीक्षेचे फॉर्म भरताना! एरवी शेजारच्या बाकावरची मैत्रीण दोन दिवस आली नाही तर कुणीतरी विचारतंच, “अगं, ती कुठे आहे?” इथे शेजारचा बाकच नव्हता.

सर शिकवत नव्हते असं अजिबात नाही. तळमळीने शिकवत होते. पण समोरासमोरच्या वर्गात ओळखी, कुजबुज, डबा, वह्यांची देवाणघेवाण हे सगळं आपोआप होतं. ऑनलाइन वर्गात ते आपोआप होत नाही, आधीच ठरवून त्याला जागा ठेवावी लागते.

ही गोष्ट लॉकडाऊनच्या कितीतरी आधी अभ्यासकांच्या लक्षात आली होती. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातले रँडी गॅरिसन, टेरी अँडरसन आणि वॉल्टर आर्चर यांनी २००० साली एक आराखडा मांडला. त्यांच्या मते ऑनलाइन शिक्षणात तीन प्रकारची ‘उपस्थिती’ लागते. पहिली सामाजिक, म्हणजे पलीकडे खरी माणसं आहेत आणि आपण त्यांच्याशी मोकळेपणाने बोलू शकतो ही जाणीव. दुसरी वैचारिक, म्हणजे प्रश्न पडणं, एकमेकांच्या उत्तरांवर विचार करणं आणि त्यातून काहीतरी हाती लागणं. तिसरी शिक्षकाची, म्हणजे अभ्यासक्रमाची आखणी आणि चर्चेला वळण देणारा हात. आमच्याकडे तिसरी थोडीफार होती, पहिल्या दोन जवळजवळ नव्हत्याच.

मग आखणी कशी करायची? एक उदाहरण घेऊ. समजा लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ शिकवायचं आहे. ‘या आत्मचरित्राचे महत्त्व विशद करा’ असा प्रश्न दिला, तर तीस मुलं एकाच गाइडमधून तीस सारखी उत्तरं लिहितील. दुसऱ्याचं उत्तर वाचायचं कारणच उरत नाही. त्याऐवजी असं सांगितलं तर? घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या वयस्क बाईला तिच्या लहानपणची एक आठवण विचारा, ती तिच्याच शब्दांत लिहून काढा आणि ‘स्मृतिचित्रे’तल्या एखाद्या प्रसंगाशी ताडून बघा. आता प्रत्येकाचं उत्तर वेगळं येणार. बेळगावच्या आजीची मराठी कन्नडच्या शेजारात वाढलेली, इंदूरच्या आजीची हिंदीच्या. दुसऱ्याचं वाचावंसं वाटणार, कारण ते आपल्याकडे नाही.

त्याच्या जोडीला काही साध्या गोष्टी हव्यात.

एक, पाच-सहा जणांचे गट करावेत आणि ते सत्रभर बदलू नयेत. साठ जणांत गप्प बसणं सोपं असतं, सहा जणांत कुणी दिसलं नाही तर चुकल्यासारखं होतं. या आठवड्यात चर्चा कोण सुरू करणार, सारांश कोण लिहिणार, ही कामं आळीपाळीने वाटावीत.

दोन, आधी आपलं लिहायचं, मग दुसऱ्याचं वाचायचं. मूडलसारख्या प्रणालीत चर्चेचा एक प्रकारच असा आहे, की स्वतःचं उत्तर टाकल्याशिवाय इतरांचं दिसत नाही.

तीन, शिक्षकांनी दर आठवड्याला चार ओळी लिहाव्यात: चर्चेत काय नवं निघालं, कुठे गाडी अडली. प्रत्येक उत्तराला त्यांनीच प्रतिसाद द्यायला हवा असं नाही. तसं झालं तर मुलं एकमेकांशी बोलायचीच बंद होतात. मात्र जो आठवडाभर दिसला नाही, त्याला एक निरोप जरूर जावा.

चार, चर्चेला गुण असावेत, पण प्रतिक्रिया मोजून नव्हे. मोजायला लागलं की ‘छान लिहिलंस’, ‘सहमत आहे’ यांचा पाऊस पडतो! दुसऱ्याच्या मुद्द्यात कुणी काय भर घातली ते बघावं.

पाच, सगळं लाइव्ह ठेवू नये. कुणाची रेंज जाते, कुणाच्या घरात एकच फोन असतो. सवडीने लिहिता येईल, आवाज रेकॉर्ड करून पाठवता येईल अशी सोय असावी. कॅमेऱ्याची सक्ती करून आपुलकी येत नाही, संकोच तेवढा वाढतो.

हे सगळं लॉकडाऊनबरोबर संपलं असं कुणी समजू नये. २०१७ साली सुरू झालेल्या ‘स्वयम्’वरच्या अभ्यासक्रमांची रचना व्हिडिओ, वाचनसाहित्य, स्वयंचाचणी आणि चर्चा अशी चार अंगी आहे. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय विद्यापीठांना ‘स्वयम्’वरून घेऊ देता येतात. म्हणजे असे वर्ग आपल्या वाट्याला येतच राहणार. त्यातलं चौथं अंग नुसतं नावाला राहिलं, तर पुन्हा तेच काळे चौकोन.

आपल्यासारख्यांना तर याचा दुप्पट उपयोग आहे. महाराष्ट्राबाहेरच्या कितीतरी कॉलेजांत मराठी घेणारी मुलं मोजकीच असतात. इथे पाच, तिथे सात. एवढ्यावर धड चर्चा होत नाही, आणि संख्या कमी म्हणून वर्गच बंद पडेल की काय ही टांगती तलवार असते ती वेगळीच. दोन-तीन गावांतली अशी मुलं एका नीट आखलेल्या ऑनलाइन वर्गात आली, तर वीस जणांचा चांगला वर्ग उभा राहू शकतो.

आपल्या मंडळाने एवढं तरी करून बघावं: एक पुस्तक, सहा आठवडे, दोन कॉलेजं. पुढच्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे. पुस्तक कोणतं घ्यायचं, ते तोवर ठरवून या. आणि हो, त्या सहा आठवड्यांत कुणी दिसेनासं झालं तर फोन कोण करणार, तेही पहिल्याच दिवशी ठरवू.