हद्दीपलीकडचे औषध

साताऱ्याचे राज्य १८४८ साली खालसा झाले आणि सांगलीचे पटवर्धनी संस्थान मात्र पुढे शंभर वर्षे, म्हणजे ८ मार्च १९४८ रोजी मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत, आपल्या अंमलाने नांदत राहिले. त्यामुळे कृष्णाकाठच्या या मुलखात इंग्रजी आणि संस्थानी हद्दी एकमेकींत अशा गुंतलेल्या होत्या, की अर्ध्या दिवसाच्या चालीत माणसाचे सरकार बदले, आणि ज्या वस्तूला एका गावी मोकळीक असे तिला दुसऱ्या गावी परवाना लागण्याचा संभव असे. डॉक्टरच्या चिठ्ठीने मिळालेले गांजाचे औषध घेऊन परदेशी जाणाऱ्या किंवा परदेशाहून मायदेशी येणाऱ्या रुग्णापुढे आज जो पेच उभा राहतो, त्याचे स्वरूप या प्रांताला अगदीच अपरिचित नाही.

या वनस्पतीचा औषध म्हणून मान मात्र हद्दींहून पुरातन आहे. शार्ङ्गधरसंहितेने भांगेची गणना व्यवायी, म्हणजे पचनापूर्वीच देहभर पसरणाऱ्या, द्रव्यांत केली. ग्रहणीवरील जातीफलादि चूर्णात तिला स्थान मिळाले. आणि विजया या नावाने ती वैद्यांच्या संग्रहात राहिली. १८३९ साली कलकत्त्यास विल्यम ओशॉग्नेसी या डॉक्टराने धनुर्वात, संधिवात आणि बालकांचे झटके यांवर तिचे प्रयोग प्रसिद्ध केले, पुढे रजेवर विलायतेस जाताना तो ही वनस्पती बरोबर घेऊन गेला, आणि लंडनच्या पीटर स्क्वायर या औषधविक्रेत्याने तिचा अर्क तयार केला. त्यानंतर कित्येक दशके हिंदी गांजा मुंबई बंदरातून व्यापारी माल म्हणून लंडनच्या औषधबाजारात जात राहिला.

इकडे १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने गांजा, भांग आणि चरस सरकारी उत्पन्नाच्या बाबी ठरल्या. अहमदनगराकडे परवान्याने पीक काढले जाई आणि विक्रीचा मक्ता दिला जाई. पार्लमेंटात डब्ल्यू. एस. केन यांनी प्रश्न उपस्थित केल्यावर १८९३ साली मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली जे भांग-गांजा कमिशन नेमले गेले, त्याने ११९३ साक्षी घेतल्या आणि पुढल्या वर्षी असा निर्वाळा दिला, की मर्यादित सेवनापासून सामान्यतः हानी दिसत नाही, तेव्हा सर्वथा बंदीऐवजी कर आणि नियंत्रण हेच धोरण इष्ट होय. सरकारला महसूल हवा होता हे खरे. तथापि निदान पुरावा ऐकून निर्णय देण्याची रीत त्या कमिशनने पाळली.

पुढील शतकात ती रीत मागे पडली. १९२५च्या जिनिव्हा कराराने हिंदी गांजाचा आंतरराष्ट्रीय व्यापार सरकारी दाखल्यांच्या कक्षेत आणला; १९३२च्या ब्रिटिश औषधकोशातून त्याचा अर्क वगळला गेला; १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याने येथील परवान्यांची वाट अरुंद केली; आणि १९६१च्या एकीकृत कराराने गांजा अत्यंत कठोर अनुसूचीत बसविला, मात्र फुलोऱ्यापासून अलग केलेली पाने त्या व्याख्येबाहेर ठेवली. भारताने हाच भेद १९८५च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यात उतरविला, ज्यामुळे भांग राज्याच्या अखत्यारीत राहिली आणि गांजा फौजदारीत गेला.

मग वारे फिरले. कॅनडाने २००१ साली, जर्मनीने २०१७ साली आणि ब्रिटनने १ नोव्हेंबर २०१८ पासून डॉक्टरांना या औषधाची चिठ्ठी लिहिण्याची मुभा दिली. २ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी गांजाला त्या कठोर अनुसूचीतून काढले, आणि त्या २७ मतांत भारताचे मत होते. परंतु मतदानाने प्रवाशाची वाट मोकळी झाली नाही. गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, धंद्यानिमित्त देशभर पांगलेल्या विटे-आटपाडीकडच्या एखाद्या घरातला मुलगा टोरांटोस स्थायिक झाला, तेथे जुनाट वेदनेवर त्याला हे औषध मिळू लागले आणि जत्रेसाठी तो गावी निघाला, तर ते बरोबर नेण्यास प्रथम कॅनडाचाच कायदा आडवा येतो, कारण चिठ्ठी असली तरी सरहद्दीपार गांजा नेणे तेथे गुन्हा आहे. आणि मुंबईत उतरल्यावर आपल्या १९८५च्या कायद्याचे २३वे कलम अल्प प्रमाणासाठीदेखील एक वर्षापर्यंतच्या सक्तमजुरीची, दहा हजारांपर्यंतच्या दंडाची, किंवा दोहोंची तरतूद करते. वैद्यकीय प्रयोजनाची सवलत आठव्या कलमात आहे खरी, पण तीही सरकारी परवान्यावाचून मिळत नाही. परदेशी डॉक्टरच्या सहीने ती प्राप्त होत नाही.

उलट दिशेचा प्रवासी याहून बेसावध असतो. सांगलीच्या वैद्याने विजयायुक्त गोळ्या दिल्या, त्या औषधनियमांच्या ई-१ अनुसूचीप्रमाणे देखरेखीखाली रीतसर विकत घेतल्या, म्हणून आपण निर्दोष आहोत अशी त्याची समजूत असते. परंतु सिंगापूरचा कायदा या वनस्पतीचा कोणताही भाग गांजाच मानतो, आणि पाने व फुलोरा यांतील आपला भेद तेथील नाक्यावर कोणी ऐकून घेत नाही. ज्या देशी जावयाचे तेथील वकिलातीकडून लेखी उत्तर आल्याखेरीज असे औषध सामानात घालू नये, आणि उत्तर नकारार्थी असल्यास निघण्यापूर्वीच डॉक्टरांशी पर्यायी उपचार ठरवावा, एवढाच सल्ला आज सुरक्षित आहे.

तथापि रुग्णाच्या सावधगिरीने सरकारांची जबाबदारी संपत नाही. युरोपातील शेंगेन राष्ट्रांनी आपल्या कराराच्या ७५व्या कलमान्वये असा दाखला मान्य केला आहे, की ज्याच्या आधारे रुग्ण तीस दिवसांपुरते नियंत्रित औषध परस्परांच्या मुलखात नेऊ शकतो. म्हणजे सार्वभौम सत्ता एकमेकींच्या डॉक्टरांवर विश्वास ठेवू शकतात हे सिद्ध झाले आहे. ज्या देशाच्या बंदरातून हे औषध जगात गेले आणि ज्याने २०२० साली त्याच्या बाजूने मत दिले, त्याने आजारी प्रवाशासाठी असा एक साधा दाखला निर्माण करावा ही अपेक्षा अवास्तव नव्हे.