अंधारात उजेड देणारा मासा

लाइन गेली की आपल्या घरात आधी मेणबत्तीची शोधाशोध होते. १९१४ साली जपानमधील उओझू येथील मत्स्यालयात वीज गेली, तेव्हा चक्क टाकीतच उजेड दिसला. एक मासा प्रकाशत होता! तोवर त्याचा हा गुण कोणाला ठाऊक नव्हता.

हा पाइनकोन फिश. अंगावर सीताफळासारखे जाड खवले. रंग पिवळा, कडा काळ्या. लांबी फार तर १७ सेंटिमीटर. खालच्या जबड्याच्या दोन्ही बाजूंना प्रकाश देणारे सूक्ष्म जंतू राहतात. मासा त्यांना आसरा देतो, ते त्याला उजेड देतात. दिवसा तो समुद्रातील कपारीत बसतो आणि रात्री कोळंबीसारखे बारीक जीव खायला निघतो.

हौशी माणसे हा मासा घरी पाळतात. टीव्हीवर पाहून आपली मुलेही म्हणतील, "बाबा, आपण आणू या." तर आधी हिशेब करू. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे २०० लिटरच्या टाकीला ७ किलो खास क्षार लागतील. घरचे मीठ चालत नाही. माशाच्या विष्ठेतील अमोनिया पचवणारे जंतू वाढावेत म्हणून मासा सोडण्याआधी काही आठवडे टाकी नुसती चालवावी लागते. त्याला पाणी हवे गार, आणि यवतमाळचा मे महिना ४४ अंशांचा! पाणी थंड करणारे यंत्र आणि पंप अखंड चालले पाहिजेत. जपानात वीज गेली म्हणून मासा उजेडात आला. आपल्याकडे वीज गेली तर तो मरेल.

पण मुलाला नुसते "नाही" म्हणून गप्प करू नका. आपल्या तळ्या-ओढ्यांतला देशी मागूरही रात्री फिरणारा मासा आहे. तो मिशांनी अन्न शोधतो आणि वर येऊन हवाही घेतो, म्हणून पंप बंद पडला तरी तग धरतो. मात्र टाकी मोठी हवी, तिला घट्ट जाळीचे झाकण हवे, आणि लपायला खापराचा तुकडा हवा. शिंगी नको, तिच्या काट्यात विष असते. थाई मागूरही नको, त्यावर देशात बंदी आहे. रात्री दिवा मालवून, टॉर्चला लाल कागद लावून मुलांसोबत शांत बसा.

१९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतील तेरावी प्रतिज्ञा प्राणिमात्रांवरील दयेची आणि त्यांच्या पालनाची आहे. हौस म्हणून जीव घरी आणणे सोपे आहे. त्याला काय लागते हे आधी जाणून घेणे, हेच पालन.