जुन्या डिझेल मोटारीतील दोषनिदान

जुन्या डिझेल मोटारीतील दोषनिदान म्हणजे संगणकीय उपकरणांवर विसंबून न राहता गाडीचा आवाज, धूर, तापमान, तेलाचा व पाण्याचा रंग आणि काही साध्या चाचण्या यांच्या आधारे बिघाडाचे मूळ शोधण्याची पद्धत होय. कमी खर्चातील दुरुस्तीचा सारा भार या निदानावर असतो. योग्य कारण सापडले तर पुष्कळदा रबरी नळी किंवा फिल्टर बदलून काम भागते. ते न सापडल्यास सुस्थितीतील महाग भाग एकामागून एक बदलले जातात आणि मूळ दोष तसाच राहतो.

टाटा सुमो (१९९४), टाटा इंडिका (१९९८) आणि महिंद्रा बोलेरो (२०००) या गाड्यांच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत यांत्रिक डिझेल पंप असे. पुढे मारुती स्विफ्टसारख्या छोट्या गाड्यांतही संगणकनियंत्रित ‘कॉमन रेल’ पद्धत आली. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ मानके लागू झाल्यावर अनेक छोट्या डिझेल मोटारींचे उत्पादन थांबले. त्यामुळे रस्त्यावर असलेल्या गाड्या जुन्या होत चालल्या असून त्यांची घरगुती देखभाल हा अनेक कुटुंबांच्या जमाखर्चाचा विषय झाला आहे.

महाड–पोलादपूर परिसर

रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे महाड व पोलादपूर हे तालुके डिझेल गाडीची कसून परीक्षा घेतात. मुंबई–गोवा महामार्ग या दोन्ही गावांवरून पुढे कशेडी घाटाकडे जातो. पोलादपूरहून आंबेनळी घाट महाबळेश्वरला चढतो आणि महाडहून वरंधा घाट भोरकडे जातो. सावित्री नदीचे खोरे समुद्रसपाटीपासून फारसे उंच नाही, महाबळेश्वर मात्र सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. हे अंतर सुमारे ४० किलोमीटरचे. एवढ्या प्रवासात इंजिन, क्लच, रेडिएटर आणि परतीच्या वाटेवर ब्रेक, असे सर्व भाग ताणले जातात. सपाटीवर महिनोन्‌महिने लपून राहिलेला दोष इथे पहिल्या चढावर उघड होतो. त्यात पावसाळ्याचे चार महिने दमट हवा, पाणी साचलेले रस्ते आणि अधूनमधून पूर यांची भर पडते.

निदानाचे तत्त्व

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. म्हणून इंजिन चालण्यासाठी पुरेशी हवा, पुरेसे कॉम्प्रेशन, योग्य वेळी मिळणारे हवा-पाणीविरहित डिझेल आणि सुरू होताना सेल्फची पुरेशी गती एवढ्याच गोष्टी लागतात. इंजिनाचे बहुतेक दोष यांपैकी एखाद्या गोष्टीच्या कमतरतेतून उद्भवतात. तपासणीचा क्रम मात्र शास्त्रापेक्षा खिशाने ठरवावा. जे पाहायला पैसे लागत नाहीत ते प्रथम पाहावे; पंप, नोझल व हेड यांना सर्वांत शेवटी हात लावावा.

गाडी सुरू न होणे

सेल्फ मंद फिरत असेल तर दोष बहुधा इंजिनात नसतो. डिझेल इंजिनाला पेटण्यासाठी वेग लागतो, आणि अशक्त बॅटरी तो देऊ शकत नाही. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी विश्रांतीनंतर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना ती साडेनऊ व्होल्टच्या बरीच खाली जात असेल तर बॅटरी किंवा तिची जोडणी संशयास्पद आहे. मल्टिमीटर नसेल तर आधी टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर गरम पाण्याने धुवावा आणि इंजिनापासून बॉडीपर्यंत जाणारी अर्थची पट्टी घासून घट्ट करावी. कोकणातील दमटपणात ही पट्टी लवकर गंजते. तिच्यापायी धडधाकट सेल्फ उतरवला जाण्याचे प्रकार गॅरेजमध्ये नवे नाहीत.

सेल्फ जोरात फिरूनही इंजिन घेत नसेल तर धुराड्याकडे पाहावे. धूर मुळीच येत नसल्यास डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही. यांत्रिक रोटरी पंपावर विजेवर चालणारा एक स्टॉप सोलेनॉइड असतो. चावी फिरवताच त्याचा ‘टक्’ असा आवाज यावा. तो न आल्यास फ्यूज व वायर तपासावी. आवाज येत असेल तर डिझेल फिल्टर तुंबला आहे किंवा मार्गात हवा शिरली आहे असे समजावे.

हवा शिरणे हा जुन्या गाडीचा सर्वांत फसवा दोष होय. टाकी व पंप यांमधील नळीत बहुधा खेच असते. त्यामुळे बारीक चीर पडली तरी डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी सुरू व्हायला छळते आणि एकदा चालू झाली की दिवसभर तक्रार करत नाही. फिल्टर व पंप यांच्यामधल्या नळीच्या जागी डिझेलला टिकणारी पारदर्शक नळी तात्पुरती बसवल्यास बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. मग मागे मागे जात क्लिप, ओ-रिंग, फिल्टरचे पाणी काढण्याचा स्क्रू आणि रिटर्नच्या बारीक नळ्या तपासाव्यात. काही शे रुपयांत मिटणाऱ्या या दोषासाठी पंप कॅलिब्रेशनला देणे ही या विषयातील सर्वांत महागडी आणि दुर्दैवाने नेहमीची चूक आहे. दुरुस्तीनंतर हातपंपाने, बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढावी लागते.

सुरू करताना पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येत असेल तर डिझेल पोहोचते आहे, पण पेटत नाही. यात हीटर प्लगचा संशय प्रथम घ्यावा. महाडच्या उबदार सकाळी एक-दोन प्लग निकामी असले तरी गाडी कशीबशी सुरू होते. तीच गाडी डिसेंबरात महाबळेश्वरला रात्रभर राहिली की अडून बसते. प्लगची जोडपट्टी काढून बॅटरीच्या धन टोकाला जोडलेला टेस्ट लॅम्प प्रत्येक प्लगच्या टोकाला लावावा. दिवा लागला नाही तर तो प्लग गेला.

धुराचा रंग

काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. एअर फिल्टर काढून पाहणे ही पहिली पायरी. टर्बो असलेल्या गाडीत टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या रबरी होजला चीर असल्यास काळ्या धुराबरोबर शिट्टीसारखा आवाज येतो आणि गाडी चढावर ओढत नाही. महाबळेश्वरच्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १२ टक्क्यांनी कमी असते. त्यामुळे टर्बो नसलेले यांत्रिक पंपाचे इंजिन तिथे थोडा अधिक काळा धूर सोडते. हा दोष मानून पंपाच्या स्क्रूशी खेळू नये.

इंजिन मिसिंग करत असेल तर यांत्रिक पंपाच्या गाडीत ते आयडलवर ठेवून एकेका नोझलच्या पाइपचा नट किंचित सैल करतात. ज्या नटाने इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही तो सिलिंडर काम करत नाही. त्याचे नोझल शेजारच्या सिलिंडरला नव्या तांब्याच्या वॉशरसह लावून पाहावे. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल खराब, जागीच राहिला तर कॉम्प्रेशन तपासावे. ही चाचणी कॉमन रेल इंजिनावर कधीही करू नये. तिथे दाब १,००० बारच्याही वर जातो आणि डिझेलची बारीक धार कातडी भेदून शरीरात शिरते. यांत्रिक पंपावरही हात दूर ठेवून डोळ्यांना चष्मा लावावा. धार शरीरात शिरल्यास जखम किरकोळ दिसली तरी ताबडतोब रुग्णालय गाठावे लागते.

निळा धूर ऑइल जळत असल्याचे दाखवतो. तो दिसला की बोअर-पिस्टनचे काम सांगितले जाते. परंतु वाल्वचे सील, टर्बोतील गळती किंवा पातळीपेक्षा जास्त भरलेले ऑइल यांनीही धूर निळा होतो. गेजने कॉम्प्रेशन मोजल्याखेरीज इंजिन उघडण्यास संमती देऊ नये.

तापणे

फक्त चढावर तापणारी गाडी बहुधा रेडिएटरच्या जाळीतील चिखल-कचऱ्याने किंवा आतील गंजाने बेजार असते. उभ्या गाडीत तापत असेल तर पंखा पाहावा. थंड इंजिनावर झाकण उघडून गाडी सुरू केल्यावर पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले तर हेड गॅस्केट फुटल्याची शक्यता असते. थर्मोस्टॅट कायमचा काढून टाकण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. तिने इंजिन नेहमी थंड चालते, डिझेल जास्त लागते आणि खरा दोष झाकला जातो. काटा वर चढल्यास थांबून इंजिन निवू द्यावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडणे किंवा त्यात ओढ्याचे गार पाणी ओतणे, दोन्ही घातक आहे.

घाटातील ब्रेक

पेट्रोल गाडीत ब्रेकला साहाय्य करणारी निर्वात पोकळी इनटेकमधून मिळते. डिझेल इंजिनात ती तशी मिळत नसल्याने वेगळा व्हॅक्युम पंप असतो, आणि अनेक जुन्या गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला असतो. त्याची चाचणी फुकट होते. इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबावा, पेडल कडक झाल्यावर पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले तर यंत्रणा ठीक आहे.

डिझेल वाचवण्यासाठी आंबेनळी किंवा कशेडी घाट न्यूट्रलमध्ये वा इंजिन बंद करून उतरणे यामुळेच जीवघेणे ठरते. इंजिन बंद झाल्यावर ब्रेक काही वेळा दाबताच व्हॅक्युम संपतो. गिअरमध्ये पाय ॲक्सिलरेटरवरून काढल्यास पंप डिझेल जवळजवळ तोडतोच, म्हणजे बचतही होत नाही. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. नव्या डीओटी-३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा १४० अंश धरली जाते. लांब उतारावर ऑइल उकळले की पेडल पोकळ होते. दर दोन वर्षांनी पावसाळ्यानंतर ते बदलणे ही जुन्या गाडीवरील सर्वांत स्वस्त सुरक्षितता आहे.

पुरात बुडालेली गाडी

सावित्री व गांधारी या नद्यांकाठी वसलेल्या महाड शहरात २२ जुलै २०२१ रोजी आलेल्या महापुरात रस्त्यांवर आणि तळमजल्यांवर उभ्या असलेल्या गाड्या बुडाल्या. अशा वेळी सर्वाधिक नुकसान पाणी ओसरल्यावर चावी फिरवण्याने होते. १,४०० घनसेंटिमीटरच्या चार सिलिंडरी इंजिनात प्रत्येक सिलिंडर ३५० घनसेंटिमीटरचा असतो. कॉम्प्रेशनचे प्रमाण २२:१ धरल्यास पिस्टन वर गेल्यावर जेमतेम १७ घनसेंटिमीटर जागा उरते. पाणी दाबले जात नाही. त्यामुळे चहाचे साडेतीन चमचे पाणीही कनेक्टिंग रॉड वाकवू शकते.

म्हणून आधी बॅटरीची ऋण वायर सोडवावी. डिपस्टिकवरील ऑइल दुधाळ झाले आहे का, त्याची पातळी वाढली आहे का, एअर फिल्टरचा डबा ओला आहे का, हे पाहावे. हीटर प्लग काढून क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरवावे, म्हणजे सिलिंडरमधील पाणी बाहेर येते. नंतर सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडावे, टाकी व फिल्टर रिकामे करावेत, इंजिन ऑइल बदलावे आणि थोडा वेळ चालवून पुन्हा बदलावे. गिअरबॉक्स, डिफरन्शियल, ब्रेकचे ड्रम व चाकांचे बेअरिंग यांतही गाळ शिरतो. हे काम पहिल्या दोन-तीन दिवसांत व्हावे, कारण उघड्या पडलेल्या सिलिंडरला गंज फार लवकर धरतो. कॉमन रेल गाडीत पाणी संगणकापर्यंत पोहोचले असेल तर स्वस्त उपाय उरत नाही.

विमा असल्यास कंपनीला कळवून पाहणी होईपर्यंत इंजिन सुरू करू नये. पाण्यात सेल्फ मारल्याने झालेली इंजिनाची हानी साध्या सर्वसमावेशक पॉलिसीतून सहसा वगळली जाते. जुन्या गाड्यांचा विमा अनेकदा केवळ त्रयस्थ पक्षापुरता उतरवलेला असतो आणि त्यात पुराची भरपाई मुळीच मिळत नाही.