जट : गुंता केसांचा, धास्ती घराची

जट म्हणजे धूळ, घाम, तेल आणि विंचरण्यातील हयगय यांमुळे केस एकमेकांत घट्ट अडकून तयार होणारा गुंता. परंतु अनेक कुटुंबांत तो सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीचा कौल मानला जातो आणि एकदा त्यावर हळद-कुंकू वाहिले की कंगवा निषिद्ध ठरतो. एके काळी जट आलेल्या मुलींना देवदासी म्हणून देवीला सोडत. त्या प्रथेवर महाराष्ट्रात २००५चा बंदी कायदा आहे, जटेची धास्ती मात्र कायद्याला जुमानत नाही. ओझ्याने मान आखडते, उवा होतात, कुशीवर झोपणेही जड जाते. पुण्यात अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्या अशा जटा कात्रीने कापतात; त्यात खरा वेळ जातो तो होकार मिळवण्यात, कारण देवी कोपून घरात कोणी दगावेल, ही भीती नवऱ्यापासून सासूपर्यंत साऱ्यांनाच असते.