पायाला बांधलेली चिठ्ठी

मोठमोठ्या संग्रहालयांत कापूस भरून जपलेले पक्षी असतात. प्रत्येकाच्या पायाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली असते. पक्षी कुठे मिळाला, कोणत्या तारखेला मिळाला आणि कुणाला मिळाला, एवढंच तिच्यावर लिहिलेलं असतं. पण दोस्तांनो, अशाच एका चिठ्ठीने एक पक्षी शोधणाऱ्यांची पार दिशाभूल केली होती. आणि तो पक्षी कुठला परदेशी नाही, आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटात राहणारा आहे!

त्याचं नाव रानपिंगळा. तुमच्या भातकुली तालुक्यात एखाद्या जुन्या झाडाच्या ढोलीत संध्याकाळी चिरचिर करणारा साधा पिंगळा तुम्ही पाहिला असेल. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपकेच ठिपके असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं. शिवाय घुबडाच्या कुळातला असूनही हा भरदिवसा शिकार करतो. पाली, सरडे, उंदीर, जे मिळेल ते.

1873 मध्ये ॲलन ह्यूम यांनी या पक्ष्याचं शास्त्रीय वर्णन केलं. (हो, 1885 मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच ह्यूम!) पुढे जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने खानदेशात काही रानपिंगळे गोळा केले, शेवटचा 1884 मध्ये. जगभरच्या संग्रहालयांत मिळून अवघे सात नमुने होते. त्यांतल्या एकाची चिठ्ठी सांगत होती, की हा पक्षी 1914 मध्ये गुजरातेत तापीकाठच्या मांडवीजवळ मिळाला. गोळा करणारे होते पक्षितज्ज्ञ रिचर्ड माइनर्ट्झहागेन. केवढं नावाजलेलं नाव! मग कोण शंका घेणार? या चिठ्ठीवर भरवसा ठेवून शोधणारे रिकाम्या हाताने परतले. रानपिंगळा संपला, असं बऱ्याच जणांना वाटू लागलं.

अमेरिकेच्या पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी मात्र तो नमुनाच नीट तपासला. पक्ष्यात कापूस कसा भरला आहे, टाके कसे घातले आहेत, हे बारकाईने पाहिलं आणि सगळं उघड झालं. तो पक्षी डेव्हिडसनचाच होता! माइनर्ट्झहागेनने तो संग्रहालयातून चोरला, पुन्हा भरला आणि खोटी चिठ्ठी बांधली. म्हणजे 1914 खोटं, मांडवीही खोटी. मग रासमुसेन आणि त्यांचे दोन सोबती फक्त खऱ्या चिठ्ठ्या धरून निघाले. आधी पूर्वेकडची जुनी ठिकाणं पाहिली, तिथे काही मिळालं नाही. मग ते डेव्हिडसनच्या खानदेशात आले. 25 नोव्हेंबर 1997 रोजी शहाद्याजवळ, एका निष्पर्ण झाडावर, लख्ख उन्हात रानपिंगळा बसलेला होता. 113 वर्षांनी! पुढे काही वर्षांतच तो मेळघाटातही दिसला.

मला या गोष्टीत सगळ्यात जास्त आवडतो तो डेव्हिडसन. त्याने फक्त जागा आणि तारीख खरी लिहिली, आणि शंभर वर्षांनंतरच्या माणसांना वाट सापडली.

तुम्ही म्हणाल, हे सगळं मोठ्यांचं झालं. मग पक्षितज्ज्ञ सलीम अलींचं ऐका. साधारण दहा वर्षांचे असताना मुंबईत ते चिमण्यांचं एक घरटं पाहत होते. त्या काळी मुलांच्या हाती छऱ्याची बंदूक असायची. त्यांनी नर मारला, तर थोड्याच वेळात मादीने दुसरा नर आणला. तो मारला, तर तिसरा आला. हे त्यांनी वहीत टिपून ठेवलं आणि 1985 मध्ये छापलेल्या आत्मचरित्रात ती लहानपणची नोंद दिली. चिमण्या मारणं वाईटच. पण पाहिलं तेवढंच आणि तसंच लिहिणं, हे त्या मुलाला दहाव्या वर्षी जमलं होतं.

आता तुमच्या वहीकडे येऊ. शाळेत ‘माझे गाव’ असा निबंध आला, की आपण काय लिहितो? गाव सुंदर आहे, गावात मंदिर आहे, लोक मिळूनमिसळून राहतात. हे कुठल्याही गावाला चालेल! आणि वास्को द गामा 1498 मध्ये कालिकतजवळ पोचला, हे तर सगळ्याच पुस्तकांत आहे. तुमच्या आजीच्या माहेरच्या विहिरीचं पाणी गोड होतं की खारं, हे मात्र एकाही पुस्तकात नाही.

खारं म्हटलं की भातकुलीच्या पोरांना वेगळं सांगायला नको. तुमचा तालुका पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येतो. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरला आहे. समुद्र शेकडो किलोमीटर लांब, आणि जमिनीखाली खारं पाणी! पूर्णेचं खोरं म्हणजे जमिनीचा खचलेला भाग. नद्यांनी त्यात लाखो वर्षं गाळ आणून टाकला. काही ठिकाणी हा थर शेकडो मीटर जाड आहे. अशा चिकण गाळातून पाणी सहज वाहून जात नाही, म्हणून त्यातले क्षार धुऊन निघत नाहीत. ते क्षार मुळात आले कुठून, यावर शास्त्रज्ञांची अजून वेगवेगळी मतं आहेत. हे पाणी पिकाला दिलं की काळी माती आणखी घट्ट होते, म्हणून इथला शेतकरी पावसावर आणि शेततळ्यावर भिस्त ठेवतो.

या खाऱ्या पाण्याने इतिहासही घडवला आहे. 1930 मध्ये गांधीजींनी दांडीला समुद्राकाठी मीठ उचललं. वऱ्हाडात समुद्र कुठून आणायचा? अकोला जिल्ह्यातल्या दहीहांड्याला लोकांनी खाऱ्या विहिरीचं पाणी घेतलं, त्यापासून मीठ केलं आणि कायदा मोडला. विहिरीच्या पाण्याने मिठाचा सत्याग्रह!

तुम्हीही एक प्रयोग करा. सारख्या मापाच्या तीन स्टीलच्या ताटल्या घ्या. एकीत हापशीचं पाणी, दुसरीत नळाचं, तिसरीत पावसाचं साठवलेलं. माप तिन्हींचं सारखंच हवं. उन्हात ठेवा आणि पाणी पार आटू द्या. ताटलीत पांढरं काय उरलं? कुठे जास्त, कुठे कमी? नळाच्या ताटलीतही थोडं उरेल. त्यात नवल नाही, गोड पाण्यातही क्षार असतातच. आता हेच उन्हाळ्यात करा आणि पावसाळा सरल्यावर, त्याच हापशीवर, पुन्हा करा. फरक पडला का? पडला नसेल, तर ‘फरक पडला नाही’ असं लिहा. तेही तितकंच मोलाचं आहे.

मग वही घेऊन घरातल्या मोठ्यांकडे जा. “आबाजी, तुमच्या लहानपणी प्यायचं पाणी कुठून आणत होते?” “आजी, खाऱ्या पाण्यात तुरीची डाळ शिजत होती का?” ते बोलतील तसंच वऱ्हाडीत उतरवून घ्या, पुस्तकी मराठी करत बसू नका. मारुती चितमपल्ली वनखात्यात अधिकारी होते, मेळघाटातही त्यांनी काम केलं. पण पक्ष्यांची आणि झाडांची किती तरी माहिती त्यांना आदिवासींकडून आणि मासेमारांकडून मिळाली. ती त्यांनी मोठ्या आदराने लिहून ठेवली. वास्को द गामालासुद्धा आफ्रिकेच्या मलिंदीहून समुद्रापार आणणारा वाटाड्या तो समुद्र ओळखणारा जाणकारच होता.

पानाच्या वर गाव, शेत किंवा विहीर, तारीख, वेळ आणि तुमचं नाव लिहा. ऐकलेलं असेल तर ‘ऐकलेलं’ आणि पाहिलेलं असेल तर ‘पाहिलेलं’ अशी खूण करा. जैवविविधता कायदा 2002 चा आहे आणि त्यानुसार गावोगावी लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. गावातली झाडं, पिकं, पक्षी, प्राणी आणि त्यांच्याविषयी लोकांना असलेली माहिती तिच्यात लिहायची. गुरुजींना किंवा बाईंना सोबत घेऊन ग्रामपंचायतीत जा आणि आपल्या गावची वही पाहायला मागा. त्यात पिंगळा आहे का ते शोधा. नसेल, तर तुमची तारीख आणि तुमची ढोली घेऊन पुन्हा जा.